सहा बाय चारची पराटी

हसणार तर तुम्ही आहातच, त्यामुळे तशी काही अट घालत नाही. फक्त चहाचा कप जरा खाली ठेवा.

मी तेव्हा मोताळ्याजवळच्या एका गावात इंग्रजी शिकवायचो. नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत माझ्या इंग्रजीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ठेवणार कोण? गावात इंग्रजी फक्त वानखडे सरांना येतं, ही बातमी मुळात मीच पसरवलेली!

त्या वर्षी मे महिन्यात वादळ आलं आणि शाळेचे पत्रे उडून थेट नाल्यात जाऊन पडले. एक भिंतही आडवी झाली. कोणीतरी कुठल्याशा संस्थेला कळवलं आणि जूनमध्ये ती भिंत बांधायला चक्क आयर्लंडहून आठ पोरं आली. सोळा-सतरा वर्षांची, दुधासारखी गोरी, सोबत नोरा नावाच्या एक मॅडम. त्यांच्याकडे म्हणे उन्हाळ्याची सुटी होती. आमच्याकडे मृग बरसून गेलेला, वावरं वापशावर, पेरणीजोगी आलेली, आणि यांचा उन्हाळा!

पहिल्याच संध्याकाळी पारावर सारं गाव गोळा झालं. सरपंच म्हणाले, "सर, मॅडम काय म्हणते ते तुमी आमाले सांगा. आमचं त्यायले सांगा."

मी रुबाबात उठलो. मॅडम बोलायला लागल्या आणि आता काय सांगू तुम्हाला, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. एक शब्द सुटा ऐकू येईल तर शपथ! सगळं भाषण म्हणजे पत्र्यावर मका ओतल्यासारखं. 'स्कूल' आणि 'हॅपी' एवढे दोन दाणे माझ्या हाती लागले.

पण माघार घेतो तो मास्तर कसला? मी त्या दोन दाण्यांची कणगी भरली. "मॅडम म्हणतात, तुमचं गाव फार सुंदर आहे. इथली माणसं प्रेमळ आहेत. शाळा हे गावाचं देऊळ आहे..." टाळ्या पडल्या. मॅडमनीही वाजवल्या. त्यांना वाटलं असेल, काय हा माणूस, माझ्यापेक्षा छान बोलतोय.

इथवर ठीक होतं. इथंच सभा संपली असती तर मी आज तुमच्यासमोर ताठ मानेनं बसलो असतो.

पण त्या पोरांत फिन नावाचा एक लांबोडका पोरगा होता. तो काहीतरी बोलला आणि त्यात मला 'फादर' आणि 'फार्म' हे दोन्ही शब्द स्वच्छ ऐकू आले. मला कोण आनंद! मी लगेच जाहीर केलं, "याचे वडील शेतकरी आहेत!"

तसे भीमरावभाऊ उठले. पाच एकर कोरडवाहू जमिनीचा धनी, स्वभावानं अगदी शांत माणूस. मागच्या साली पावसानं दगा दिला म्हणून दोनदा पेरून हाती काही लागलं नव्हतं. यंदा बीटी कपाशी लावायची ठरवलेली. बीटी तेव्हा नवीनच आली होती. कोण म्हणे दाट लावा, कोण म्हणे पातळ. दुकानदार एक सांगे, शेजारी दुसरं. खात्रीचं सांगणारं कोणीच नाही.

"सर," भीमरावभाऊ म्हणाले, "तेवढं इचारा ना त्या पोराले. त्याच्या बापाच्या वावरात पराटी किती फुटावर लावतात?"

साऱ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी घसा खाकरला. पराटी म्हणजे कपाशी, कपाशी म्हणजे कॉटन, हे मला येत होतं हो! पण ऐनवेळी तो शब्द घशातच अडकला. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "युवर फादर... हाऊ मेनी फूट?"

फिन जरा गोंधळला. मग हसून म्हणाला, "सिक्स फोर."

बघा, केवढं स्पष्ट! मी हात उंचावला. "सहा बाय चार! दोन ओळींत सहा फूट, दोन झाडांत चार फूट!"

"एवढी पातळ?" कोणीतरी विचारलं.

"परदेशात तसंच असतं," मी म्हणालो. बघा, हे तर फिन बोललाही नव्हता!

"म्हंजे एका पिशवीत दोन-अडीच एकर निंघते की!" भीमरावभाऊंचा चेहरा उजळला. ते बियाणं इतकं महाग, की एकेक पिशवी घेणं जिवावर यायचं तेव्हा. मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "आज गावाचं भलं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत काम सुरू झालं. भिंत बांधायला मोताळ्याहून रऊफ मिस्त्री आले होते. पोरं घमेली उचलत होती, मी देखरेख करत होतो. म्हणजे, सावलीत उभा होतो.

विश्रांतीला फिननं खिशातून एक फोटो काढला. मेंढ्यांच्या कळपात एक दांडगा माणूस उभा होता, मागच्या दाराच्या चौकटीला डोकं टेकलेलं. फिन हात डोक्याच्या वर नेऊन काही बोलला. त्यातलं मला पुन्हा तेच ऐकू आलं, "सिक्स फोर!"

रऊफ मिस्त्री खो खो हसले. "या अल्ला! बाप हाय का खांब!"

"तुम्हाला समजलं?" मी विचारलं.

"समजन नाई तर काय? बारा वर्सं आखातात काढले ना सर, गोऱ्या इंजिनिअरच्या हाताखाली. हा म्हणते, माह्या बापाची उंची सहा फूट चार इंच. घरात शिरताना रोज डोक्शाले लागते."

"आणि... त्यांची कपाशी?"

मिस्त्रींनी फिनला विचारलं. फिननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "म्हणते, आमच्याकडे कपाशी होतच नाई. मेंढ्या हायेत. काऊन सर, घाम काऊन फुटला तुमाले?"

काय सांगू मिस्त्रींना काऊन ते! मी सायकल काढली. चिखलात चाक रुतलं तेव्हा ती सोडून दिली आणि धोतर नेसलेलं नसतानाही धोतर सावरल्यासारखा पळत सुटलो. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, भीमरावभाऊंचं रिकामं वावर आणि दिवाळीला त्यांच्या दारावरून जाणारा मी.

वावरात पोचलो तर दोरीला सहा-सहा फुटांवर गाठी मारलेल्या! भीमरावभाऊ आणि त्यांच्या घरच्या कमलाबाई एकेक बी मातीत टोबत होते. पाऊण एकर झालं होतं. शेजारच्या दोन वावरांतही दोऱ्या ताणल्या होत्या; भाऊंचं झालं की ते सुरू करणार होते.

"थांबा भाऊ!"

"काऊन सर?"

मी आधी खोटं बोलून पाहिलं बरं का. "ते... रेताड जमिनीसाठी आहे म्हणे."

भीमरावभाऊंनी हातातली काळी माती माझ्यापुढं धरली. आणि माझ्याकडे बघत राहिले. दोनदा पेरून बसलेल्या माणसाची ती नजर. तिच्यापुढं माझं खोटं टिकलं नाही.

"भाऊ, चुकलो," मी म्हणालो. "सहा बाय चार ही पराटी नाही. ती त्या पोराच्या बापाची उंची आहे."

मग कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय! तर त्या हसत हसत चिखलातच खाली बसल्या. "अवो, म्हंजे आपण सकायपासून त्या गोऱ्याच्या बापाले मोजून राह्यलो?"

भीमरावभाऊ मात्र हसले नाहीत. बराच वेळ दोरीच्या गाठी सोडत राहिले. शेवटची गाठ सोडून म्हणाले, "सर, समजलं नाई तं नाई म्हणाव. आमी काई तुमाले खाल्लं नसतं."

ते लागलं मला. आजही लागतं.

दुपारी मी रऊफ मिस्त्रींकरवी फिनला सगळं सांगितलं. तो पोटभर हसला आणि मग काही न विचारता बाकीच्या सातही जणांना घेऊन वावरात आला. मीही आलो. नऊ वर्षं खडू धरलेल्या हातानं ओणवं होऊन, मोकळ्या राहिलेल्या जागांत अंधार पडेपर्यंत बी टोबत राहिलो. कंबर चार दिवस सरळ झाली नाही, पण पाऊण एकर सुधारलं. त्या साली भाऊंची कपाशी बरी झाली, एवढं सांगून ठेवतो. नाही तर तुम्ही आज रात्री झोपणार नाही.

त्यानंतर दुभाषी रऊफ मिस्त्रीच. फिन वही घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायचा. मी मुकाट्यानं विटा दिल्या.

भिंत उभी राहिली, पत्रे चढले, निरोपाचा दिवस आला. नेमके त्या दिवशी मिस्त्री भाचीच्या लग्नासाठी धाड गावाला गेलेले. सरपंच म्हणाले, "सर, आजच्या दिस तुमीच सांभाळा."

मी मनाशी पक्कं ठरवलं. आता बनवाबनवी नाही. समजलं तर समजलं म्हणायचं, नाही तर सगळ्यांसमोर कबूल करायचं.

फिन उभा राहिला. चार-पाच वाक्यं बोलला, खूप मनापासून बोलला. मी कानात प्राण आणून ऐकलं. काहीही कळलं नाही!

मग मी पुढं झालो, भीमरावभाऊंकडे पाहिलं आणि हात जोडले. "मंडळी, आज खरं सांगतो. या पोराच्या इंग्रजीतलं मला एक अक्षरही समजलं नाही."

भीमरावभाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं, माणूस गहिवरला.

तेवढ्यात मागून कमलाबाई म्हणाल्या, "समजन कसं सर? तो पोरगा मराठीत बोलला!"