ओढा डोंगर चढला

धाकटा भाऊ डोंगर मोजून आणायचा आणि थोरला ते शाईत उतरवायचा. आई एकच, कचेरीही एकच. पण नकाशाच्या कोपऱ्यात 'मोजणी' म्हणून नाव छापून यायचं ते धाकट्याचं. उतरवणाऱ्याचं नाव कोण छापतो? तेवीस वर्षं खिडकीशी मान मोडून रेषा ओढल्या, त्याचं बक्षीस म्हणजे जाड भिंगांचा चष्मा. त्यात धाकटा सहा महिन्यांनी परतला की घरभर त्याचंच कौतुक. "अस्वल किती लांब होतं रे?" आई दहाव्यांदा विचारायची, आणि अस्वल दर खेपेला थोडं जवळ यायचं. थोरल्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा धाकट्याने जो निर्जन मुलूख मोजला, तो आजवरच्या नकाशांत कोराच होता. कच्चा नकाशा आणि आकड्यांची वही थोरल्याच्याच टेबलावर आली. तिसऱ्या दिवशी त्याचा टाक थबकला. धाकट्याने दोन उंचींची अदलाबदल केली होती. त्या हिशेबाने एक ओढा चक्क डोंगर चढत होता, आणि कड्याच्या जागी चालण्याजोगा उतार आला होता. शंका आली की उतरवणाऱ्याने चिठ्ठी लावायची, असा नियम. थोरल्याने लावली नाही. होऊ दे एकदा फजिती! तपासनीस पकडतीलच, म्हणत त्याने ती चूक मन लावून, केसाइतक्या बारीक रेषांत उतरवली. इतकं देखणं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

तपासनिसांनी भिंग उचललंसुद्धा नाही. "तुमच्या हातचं ना? मग त्यात काय बघायचं?" म्हणाले आणि सही ठोकली.

संध्याकाळी धाकटा बूट पुसत बसला होता. "दादा, पुढच्या खेपेला त्याच ओढ्याने वर जायचंय. मी तो लांबूनच मोजलाय, गारठ्यात आकडे कसेबसे लिहिले. पण नकाशा तू उतरवलायस, मग घोर नाही. चूक असती तर तू सोडली असतीस का?"

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच तो दारात हजर. दुरुस्तीच्या कागदावर एक रकाना होता: चूक कोणाची? वही पुढ्यातच होती, धाकट्याच्या अक्षरातली. त्याचं नाव लिहायला हात नुसता शिवशिवत होता, आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी त्याने स्वतःचं लिहिलं, ठळक, छापल्यासारखं. त्या नकाशाच्या सबंध फायलीत त्याचं नाव आलं ते तेवढंच.