राऊत मॅडमच्या टेबलावरचा हातमोजा

डॉ. विद्या राऊत यांची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली, आणि त्या चुकीचं मला आजही भलतंच कौतुक आहे! बोईसरला मी फिजिओथेरपीचा दवाखाना नुकताच थाटला होता. कुंभवलीचे यशवंतभाऊ कारखान्यातली पाळी संपवून यायचे. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वाकलेलं, काही केल्या सरळ होईना. शीर आखडली असं धरून मी दोन महिने शेकत आणि ओढत राहिले. बोटं हटेनात आणि मीही! शेवटी त्यांना पालघरला, हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या राऊत मॅडमकडे नेलं.

"मॅडम, ही दोन बोटं कापूनच टाका," यशवंतभाऊ बसायच्या आधीच म्हणाले. "हातमोजा बसला पायजे. त्याच्याबिगर कंपनीत आत घेत नाय."

मॅडमनी हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. तळवा टेकेना. मग त्यांनी माझं बोट त्या तळव्यातल्या ताठ दोरीवर ठेवलं. "ही शीर नव्हे. कातडीखालचं अस्तर जाड होऊन आवळलंय. ओढून सुटायचं नाही, शस्त्रक्रिया करू." पेशंटसमोर माझी खरडपट्टी काढणं त्यांना सहज शक्य होतं. माझ्याकडे बोट दाखवून त्या एवढंच म्हणाल्या, "टाके निघाल्यावर खरं काम यांचंच आहे." दुखणं पुन्हा उलटू शकतं, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. गोड बोलून पेशंट बांधून ठेवणं त्यांच्या स्वभावातच नाही.

शस्त्रक्रियेनंतर मॅडमनी कंपनीतलाच एक हातमोजा मागवून टेबलावर ठेवला. बोट किती अंश उघडलं ते मी मोजायचे. त्यांचा भरवसा मोज्यावर. दर खेपेला करंगळी अडायची. कंपनी जागा तरी किती दिवस राखणार? तिघांचाही जीव टांगणीला लागला होता. आणि एका सकाळी मोजा सरसर चढला!

"मावली! मॅडम, करंगली मावली!" यशवंतभाऊ ओरडले. मी टाळ्या पिटल्या, आणि एरवी शिस्तीच्या मॅडम चक्क नाचल्या! हे त्यांच्या गौरव अंकात छापलं म्हणून त्या रागावतील. रागावू देत.

मॅडम यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. तुमच्यातर्फे काय लिहू, असं परवा यशवंतभाऊंना विचारलं. त्यांनी डावा तळवा पुढे केला. तिथे त्याच दुखण्याची नवी, छोटीशी गाठ होती.

"लिवा," ते हसत म्हणाले, "माजा हा हात अजून बाकी हाय. डाक्टरबाईंनी रिटायर व्हायचं नाय!"