आभाळगडच्या पोरी

हॉस्टेल चालवणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी साचत जातात. पोरींनी विसरलेल्या बादल्या आणि पोरींचे किस्से. बादल्या मी भांडीवालीला देऊन टाकते. किस्से कुणी नेत नाही! मग कुणी चहाला येऊन बसलं, की ते असे बाहेर पडतात.

माझं हॉस्टेल लातूरला, ट्यूशन एरियात. हॉस्टेल म्हणजे काय, आमच्याच घराचा वरचा मजला. खाली मी एकटी आणि वर डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी. मोबाईलला बंदी, आणि ही अट माझी नाही, आईबापांची! हॉलमध्ये एक साधा फोन ठेवलेला. रविवारी त्याच्यापुढे रांग.

कोपऱ्यातल्या खोलीत तिघी होत्या. मुखेडची वैष्णवी, देगलूरची अंकिता आणि भोकरची राधिका. पहिले काही आठवडे तिघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट. एकमेकींचे मार्क तेवढे माहीत. मग वैष्णवीनं पुस्तक प्रदर्शनातून एक जाडजूड पुस्तक आणलं. ‘आभाळगड’, भाग पहिला. ढगांवर तरंगणारा एक किल्ला. खाली ज्या पोरांना कुठंच जागा नाही, ती पोरं तिथं जाऊन पोचतात. असे बरेच भाग निघाले होते आणि शेवटचा यायचा होता.

त्या खोलीत मग दिवा लवकर बंद होईना.

*

एकदा दुपारी वर गेले तर वैष्णवी पलंगावर बसून हुंदके देऊन रडत होती. मला वाटलं, टेस्ट गेली.

“किती पडले गं?”

तिनं मान हलवली. “काकू, म्हातारा मेला!”

तिला आई नाही. आजोबांनीच वाढवलेली पोर, हे मला माहीत होतं. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि तडक खाली येऊन मुखेडला फोन लावला. पलीकडून एका खरखरीत आवाजानं “हॅलो” केलं.

मी म्हणाले, “लातूरहून हॉस्टेलच्या काकू बोलते. लई वाईट झालं हो. कधी गेले आजोबा?”

पलीकडे कुठंतरी म्हैस हंबरली.

“बाई, मीच आजोबा हाय. म्हशीला पाणी दावून आत्ताच आलो. कुठं गेलो म्हणता?”

पुस्तकातल्या किल्ल्याच्या दारावर एक म्हातारा पहारेकरी होता, तो मेला होता!

मी कशीबशी माफी मागून फोन ठेवणार, तेवढ्यात म्हातारा हळूच म्हणाला, “पर काय हो बाई... लई रडली का ती?”

“हो. फार.”

“बरं बरं,” म्हणाला. आणि शपथेवर सांगते, त्याच्या आवाजात समाधान होतं!

*

अंकिताचं दुखणं वेगळं. देगलूरची पोर, घरात निम्मं तेलुगू. क्लासमध्ये एकदा काहीतरी विचारायला उठली, तर तिच्या बोलण्यावर सगळा वर्ग हसला. तेव्हापासून तिनं तोंडच मिटलं. मेसमध्येसुद्धा बोट दाखवून भाजी मागायची. पोळी हवी असली तर ताट पुढं करायची. मी म्हणायचे, “अगं, बोल की!” तर नुसती हसायची.

आता ‘आभाळगड’च्या तिसऱ्या भागात काय झालं, तर किल्ल्यात सीमेवरची माणसं येतात. त्यांची भाषा दोन भाषांची मिळून झालेली, म्हणून सगळे त्यांना हसतात. पण ढग ऐकतात ते फक्त त्यांचंच! बाकी कुणी हाका मारून मेलं तरी ढग हलत नाहीत.

राधिकानं ते वाचलं आणि पुस्तक अंकिताच्या मांडीवर आपटलं. “हे बघ! तू हाईस ह्याच्यात!”

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाच्या पाण्याचा पत्ता नव्हता. टँकरची वाट बघून बघून पोरी रडकुंडीला आल्या होत्या. दोघींनी अंकिताला गच्चीवर नेलं आणि म्हणाल्या, “बोलव.” ती लाजली, नाही नाही म्हणाली, आणि मग एकदम दोन्ही हात वर करून गच्चीच्या मधोमध उभी राहून ओरडली, “मब्बू, रावे! रावे!” म्हणजे ये रे ढगा, ये.

शेजारचे रिटायर्ड मास्तर खिडकीतून ओरडले, “काय चाललंय वर?”

ढग काही आला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला! पोरी घागरी घेऊन अंकिताच्या पाया पडत खाली धावल्या. मास्तरसुद्धा बादली घेऊन रांगेत. तिच्याकडे बघून म्हणाले, “पोरी, आता आठवड्यातून दोनदा ओरडत जा.”

त्या दिवशी अंकितानं पहिल्यांदा मेसमध्ये तोंडानं भाजी मागितली.

*

राधिकाचे वडील भोकरला खत-बियाणांच्या दुकानात कामाला. माणूस सरळ, पण तोंडावर कायम काळजी. एकदा भेटायला आले आणि उशाखाली पुस्तकं सापडली.

“ह्याच्यावर नीटमध्ये प्रश्न येतात का?”

“नाही पप्पा.”

“मंग?”

त्यांनी पुस्तकं पिशवीत घातली आणि घेऊन गेले. आवाज चढवला नाही, काही नाही. पोर दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या महिन्यात तिची आई आली. शांताबाई. बारीक चणीची बाई, कधी एकटी प्रवास न केलेली. एसटीत कुणाकुणाला विचारत लातूरला पोचलेली. पिशवीतून धपाटे काढले, चटणी काढली आणि सगळ्यात खालून टॉवेलात गुंडाळलेली पुस्तकं!

“रद्दीत घालून राहिले होते तुझे पप्पा. मी कणगीत लपवली.”

पुस्तकांना ज्वारीचा वास येत होता. राधिका त्यांना नाक लावून बसली.

शांताबाईंना वाचता येत नव्हतं. “लेकरू रडतं कशापायी ते बघावं म्हणून चित्रं तेवढी बघितली,” म्हणाल्या. मग एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, “ही बाई कवाडाच्या बाहेर उभी हाय, ती कोण?”

“ती एका पोरीची आई. पोरीला सोडायला आली.”

“मंग आत का जात न्हाई?”

“दारावर जे लिहिलंय ते वाचलं तरच दार उघडतं. तिला वाचता येत नाही.”

शांताबाईंनी चित्र पुन्हा बघितलं. “हात्तिच्या! मंग लेकीनं वाचून दावावं की!”

त्या दिवशी संध्याकाळची बस येईपर्यंत राधिका माझ्या अंगणात आईला वाचून दाखवत होती. शांताबाई प्रत्येक वाक्याला “हूं” म्हणायच्या, गावाकडं गोष्ट ऐकताना म्हणतात तसं. मधेच “हूं” थांबलं की समजायचं, बाईला कळलं नाही. मग राधिका मागचं वाक्य पुन्हा वाचायची.

*

निकालाचा दिवस आमच्या घरात मयतासारखाच जातो. एकीचा नंबर लागतो आणि दहा जणींचा लागत नाही. मग जिचा लागतो, तिलाही धड हसता येत नाही.

अंकिताला आयुर्वेदाची जागा मिळण्याएवढे मार्क पडले. राधिका थोडक्यात हुकली, पुन्हा बसायचं ठरलं. वैष्णवीचं मात्र पारच गेलं. घरून फोन आला, “आता बास. गावाकडं ये.”

ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी दाराशी उभी. “पुन्हा बस” म्हणावं तर घरचे बसवणार नाहीत. “जाऊ दे” म्हणावं तर कसं जाऊ द्यायचं?

अंकिता तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “आभाळगडला एंट्रन्स नाही, वैष्णे.”

भिंतीकडूनच आवाज आला, “म्हणूनच तिथं एक डॉक्टर न्हाई. सगळे मरून राहिलेत!”

तिघीही हसल्या. हसता हसता तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या, की मी दार लोटून खाली आले.

*

वैष्णवीचं लगेच ठरलं. बघायच्या कार्यक्रमाचा किस्सा तिनंच फोनवर सांगितला. सासऱ्यांनी विचारलं, “पोरी, आवड कशाची?”

ही बोलून गेली, “आभाळगड.”

“वा वा! मंग लग्न झाल्यावर जोडीनं जाऊन या की! माहूरला देवीचं दर्शन घ्या आणि तसंच पुढं जावा. कुठल्या तालुक्यात येतो हा किल्ला?”

तिच्या आजोबांनी घसा साफ केला. “लांब हाय जरा.”

मला हसू आवरेना. पण हसून झाल्यावर तिनं विचारलं, “काकू, माझा पलंग आता कुणाला दिलात?”

लग्नानंतर काही महिन्यांनी एक उंचापुरा पोरगा माझ्या दारात उभा राहिला. अंगावर पेट्रोल पंपाच्या कामाचे कपडे.

“काकू, मी वैष्णवीचा मालक.” खाली बघत म्हणाला, “ती घरात कुणाशी बोलत न्हाई. काम समदं करते. हाव म्हणते, न्हाई म्हणते, बास. एकदाच बोलली, त्या किल्ल्याबद्दल. मला काही समजलं न्हाई. तुम्हाला म्हाईत असंल तर सांगा.”

तिचा पहिला भाग माझ्याकडं राहिला होता. तो मी त्याच्या हातात ठेवला.

“मी?” तो घाबरलाच. “दहावीनंतर पुस्तक धरलं न्हाई, काकू!”

“मग आता धर.”

पुढं बरेच दिवस काही नाही. मी विसरूनही गेले. मग एके दिवशी वैष्णवीचा फोन. “काकू, ह्यांना पुस्तक कशाला दिलंत? सकाळपासून जेवले न्हाईत.”

“का गं? काय झालं?”

“म्हातारा मेला म्हणून बसलेत!”

तिचा आवाज रडका होता की हसरा, मला सांगता येणार नाही. पण ती पुष्कळ वेळ बोलत होती.

*

राधिकाच्या दुसऱ्या वर्षी शांताबाईंच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. राधिकानं क्लास सोडला आणि आईच्या कॉटशी स्टूल टाकून बसली. मी अधूनमधून लातूरहून डबा घेऊन जायचे.

त्याच दिवसांत ‘आभाळगड’चा शेवटचा भाग आला. नांदेडातली दुकानं पालथी घालून तो कुणी आणून दिला असेल? तिच्या वडिलांनी! रद्दीत घालायला निघालेल्यांनी! लेकीच्या हातात दिला आणि म्हणाले, “वाच. ती इचारून राहिली, पुढं काय झालं.”

मग दुपारी वॉर्डात वाचन सुरू झालं. पहिल्या दिवशी सिस्टर ओरडल्या, “हळू वाच, पेशंट आहेत!” आठवडाभरात त्याच सिस्टर सलाईन बदलताना म्हणायला लागल्या, “थांब थांब, मी त्या कोपऱ्यातून आले की मग वाच.” सगळ्या कॉटवरच्या बाया कुशीवर वळून ऐकायच्या. शांताबाई डोळे मिटून “हूं” म्हणायच्या. “हूं” दिवसेंदिवस बारीक होत गेलं, पण चुकलं नाही.

शेजारच्या कॉटवर कंधारकडच्या एक आजी होत्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

एका दुपारी राधिका वाचत होती. मान पुस्तकात. शांताबाईंचं “हूं” थांबलं. पोर क्षणभर अडखळली, मागचं वाक्य पुन्हा वाचलं. तरी “हूं” नाही. आजींनी पलीकडून बघितलं आणि त्या समजल्या. म्हणाल्या, “सिस्टरला हाक मारणार होते, बाई. पर पोर वाचून राहिली होती. मला वाटलं, येवढं पान तरी तिला आईसंगं असू दे.”

आणि आजींनीच “हूं” म्हटलं.

राधिका वाचत राहिली. पान संपेपर्यंत आजी “हूं” म्हणत होत्या. पान संपल्यावर राधिकानं वर बघितलं. “आजी,” म्हणाली, “मला कळलं होतं.”

दिवसकार्य आटोपल्यावर मला तिचा फोन आला. “काकू, माझ्यासोबत दवाखान्यात येता का?”

“आता कशाला गं बाळा?”

“शेवटचं प्रकरण राहिलंय. बाया वाट बघत असतील.”

गेलो. वॉर्ड तसाच, वास तोच. शांताबाईंच्या कॉटवर आता दुसरीच बाई होती, तरुण, हाताला सलाईन, डोळे उघडे. राधिका त्या कॉटच्या पाऊलभर अलीकडे थांबली. मग तेच स्टूल ओढून तिथंच बसली. बाया उठून बसल्या. सिस्टर दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तिनं खुणेचं पान उघडलं आणि वाचायला तोंड उघडणार, तोच कॉटवरची बाई म्हणाली,

“ताई, मी कालच आले. मला मागचं काहीच म्हाईत न्हाई. पहिल्यापासनं सांग की.”

राधिकानं सगळ्यांकडं बघितलं. शेवट ऐकायला इतके दिवस थांबलेल्या बाया.

शेजारच्या आजींनी पदर सावरला, पाय पोटाशी घेतले आणि म्हणाल्या, “सांग तिला पहिल्यापासनं. आमाला कुठं जायचंय?”

राधिकानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि तोंडपाठ सुरू केलं.