तोंडातला उंदीर

मुंगीचा हुद्दा 'सामाजिक शिक्षिका' असा आहे, पण हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे कुठल्या शाळेत?" शाळा नाही. एका तीन मजली इमारतीतल्या मधल्या मजल्यावर आठ बायका राहतात. सगळ्या मनाच्या आजारासाठी इस्पितळात राहून आलेल्या. औषध नर्स देते, आजाराचं काय ते डॉक्टर बघतात, आणि उरलेलं सगळं मुंगीकडे. एकटीने बसमध्ये बसायचं कसं, दुकानदार उद्धट बोलला तर काय करायचं, सकाळी उठावंसंच वाटलं नाही तर निदान पाय तरी जमिनीवर कसे टेकवायचे, हे ती शिकवते. नाव मुंगी मीच ठेवलेलं. माझ्या वर्गात होती तेव्हा दुसऱ्यांच्या खाली पडलेल्या वस्तू उचलून ज्याच्या त्याच्या बाकावर नेऊन ठेवायची. वह्या इतक्या स्वच्छ की तपासताना लाल पेन टेकवायला जिवावर यायचं.

तिनेच मला तिथे नेलं. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा मी त्या बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं मी नाकाने आणि डोळ्यांनी पाहिलं आहे. नाकाने आधी.

त्या आठजणींतल्या शिलाईमावशीच्या खोलीत वास येत होता. गटाराचा नव्हे, ओल्या कपड्यांचा नव्हे. फुलदाणीतलं पाणी पंधरा दिवस बदललं नाही की देठांना जो बुळबुळीतपणा येतो ना, त्या बुळबुळीतपणाला वास असता तर तो असा आला असता. मावशीने बावीस वर्षं गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम केलं होतं. खिडकीशी तिचं मशीन होतं. मजल्यावरच्या उशांचे अभ्रे, पडदे, नर्सच्या कोटाची उसवलेली खांदेजोड, सगळं तिच्याकडे यायचं. ती मशीनवर असली की दोन-दोन तास बोलायची नाही, आणि बोलली की असं काही बोलायची की समोरच्याने टाका चुकावा. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाई, तुम्ही वाचता छान, पण श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून या."

तर ही मावशी जेवेनाशी झाली. ताट आलं की ढकलून द्यायची. विचारलं की सांगायची, "माझ्या तोंडात काहीतरी मेलंय. उंदीर असेल."

मुंगीच्या गळ्यात प्लास्टिकच्या वेष्टनात एक कार्ड लटकत असे. तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणात सगळ्यांना दिलेलं. मानसोपचाराचं थोडं ज्ञान असावं, आजार ओळखता यावा, उगीच घाबरू नये, म्हणून ते प्रशिक्षण. हेतू चांगलाच होता. कार्डावर तीन ओळी होत्या. भ्रमाशी वाद घालू नका. भ्रमाला दुजोरा देऊ नका. विषय हळूच बदला.

मुंगीने ते पाठ केलं होतं. प्रशिक्षणाच्या परीक्षेत तिचा पहिला नंबर आला होता, आणि आमच्याकडे पेढ्यासारखा आनंद घेऊन ती सांगायलाही आली होती. मी पाठीवर थाप मारली. वीस-पंचवीस वर्षं मी पाठांतराला थापच देत आले होते.

"तोंडात उंदीर मेलाय," मावशी म्हणायची.

"आज ऊन किती छान पडलंय, नाही मावशी?" मुंगी म्हणायची.

"पडलंय ना. माझ्या तोंडात पाड थोडं."

मग मुंगी वहीत लिहायची. वहीत प्रत्येकीचं वेगळं पान होतं. वागणूक, कारण, काय केलं, असे तीन रकाने. 'जेवण नाकारले. भ्रम : तोंडात मेलेला उंदीर. विषय बदलला.' अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून 'वरीलप्रमाणे'. त्या नऊ दिवसांत मी गेले की ते पान बघायची, आणि खोटं कशाला बोलू, अक्षराचं कौतुकच करायची.

मजल्याच्या व्यवस्थापक मॅडम रोज सकाळी लिंबाच्या वासाचा फवारा घेऊन यायच्या. दारातूनच दोनदा फुस्स करायच्या आणि निघून जायच्या. लिंबू आणि कुजका वास एकत्र आला की काय होतं ते ज्याने अनुभवलं नाही तो सुखी. मी रुमाल नाकाला लावून बातम्या वाचायची. नर्स गोळ्या हात लांब करून द्यायची. आठवड्यातून एकदा, गुरुवारी येणारे मानसतज्ज्ञ डॉक्टर उघड्या खिडकीशी खुर्ची ओढून बसले आणि वहीतूनच मावशीची चौकशी करून गेले. वहीला वास नव्हता. आम्ही सगळे त्या बाईपासून एक-एक पाऊल मागे सरकलो होतो, आणि प्रत्येकाकडे मागे सरकायला सभ्य कारण होतं.

त्या बुधवारी मॅडमनी मुंगीला कार्यालयात बोलावलं. मी वर्तमानपत्र घ्यायला तिथेच गेले होते.

"उद्याच्या बैठकीत मावशीला पाठवायचं ठरवू," मॅडम म्हणाल्या. "नऊ दिवस खात नाहीये. वजन चार किलो उतरलंय. आपल्याकडे काही झालं तर कोण निस्तरणार? बंद वॉर्डात नळीतून तरी खायला घालतील."

इस्पितळातला बंद वॉर्ड म्हणजे काय ते मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. मावशीने तिथे चौदा महिने काढले होते. कात्री नाही, सुई नाही, दाराला आतून कडी नाही. आणि इथली खाट एकदा सुटली की यादीतली पुढची बाई येणार. परतीचं तिकीट नसलेला प्रवास होता तो.

"मॅडम, अजून एक आठवडा..."

"मुंगी, तूच लिहिलंयस ना सगळं? भ्रम, भ्रम, भ्रम. तुझ्याच पानावर तर निर्णय होणार आहे. हा अर्ज भर."

अर्ज दोन पानी होता. मुंगी माझ्याशेजारी बाकावर बसून भरत गेली. वय, औषधं, वागणूक. सातव्या ओळीवर पेन थांबलं. 'शारीरिक तपासणी केली आहे. होय / नाही.'

"मॅडम, शारीरिक तपासणी झालेली नाहीये."

"कर ना खूण होयवर. नर्सने वजन घेतलंय की."

"वजन म्हणजे तपासणी नव्हे."

"अगं, औपचारिकता असते ती."

इथे मुंगीचं एक सांगितलं पाहिजे. ती शूर नाही. त्या खोलीत तिला अन्याय वगैरे काही दिसला नव्हता, तिने तसा आवही कधी आणला नाही. तिला फक्त न केलेल्या कामापुढे खूण करता येत नाही. शाळेतही न सोडवलेल्या गणितापुढे उत्तर लिहून दे म्हटलं तर रडायची.

"मी पाचच मिनिटांत बघून येते," ती म्हणाली. "तोंड, घसा, पोट. मग खूण करते. बाई, जरा बॅटरी धरता?"

आम्ही खोलीत गेलो. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मावशी, जरा तोंड उघडता?"

मावशी वळली. तिने मुंगीच्या गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं. "आज ऊन नाही वाटतं?"

मुंगी खाटेच्या कडेला बसली. मावशीने तोंड उघडलं.

मी बॅटरी धरली. खालच्या बाजूला मागे चार दातांची कवळी होती, हिरड्यात रुतलेली. तिच्या कडेने पिवळट, दाट काहीतरी साचलेलं. त्यात अन्नाचे कण होते, किती दिवसांचे कोण जाणे. मुंगीने हातमोजा घालून बोटाने कवळीची कड उचलली आणि खालून पू आला. चमचाभर तरी. वास असा अंगावर आला की मी उठून बेसिनकडे गेले, आणि जे व्हायचं ते झालं. मागे वळून पाहिलं तर मुंगी तशीच बसलेली. डोळ्यांतून पाणी, पण हात हललेला नाही.

"ही कधीपासून काढली नाही मावशी?"

"वॉर्डात असल्यापासून. तिथे काढून ठेवली की दुसरीच कुणीतरी घालून बसायची. इथे काढायची कुठे? पेला कुणी दिला?" मावशी थुंकली, ओठ पुसला. "मी उंदीर म्हणत होते. तुम्हाला चालत नसेल तर घूस म्हणा. पण बघा तरी, एवढंच म्हणत होते."

गुरुवारी सकाळी मुंगी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दोन मुळं काढली, गळू फोडलं, टाके घातले. डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्या होत्या, पण त्यांनी मुंगीला सरळच विचारलं, "यांची औषधं तोंड कोरडं पाडणारी आहेत. लाळ नसली की दात असेच जातात. तुम्हाला हे शिकवत नाहीत?"

शिकवलं होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत तीन ओळी होत्या, परीक्षेत प्रश्नही होता, आणि मुंगीला त्यात पैकीच्या पैकी होते. हे तिने मला नंतर सांगितलं. सांगताना चेहऱ्यावर असा भाव होता, जणू आपल्याच ताटात आपलाच केस निघावा.

दुपारी तीनला बैठक. मावशीचा गाल सुजून भोपळ्याएवढा झालेला, तोंडात कापसाचा बोळा. मी कोपऱ्यात बसले होते, मावशीनेच खुणेने बसवलं म्हणून. बैठकीआधी मॅडम मुंगीला दाराशी हळूच म्हणाल्या, "पानावर एक ओळ घाल. आधी तपासणीला नकार दिला होता, असं. तुलाच बरं पडेल. नऊ दिवस कुणी पाहिलं नाही हे वाचायला किती घाण वाटतं."

"घाणच आहे ना ते," मुंगी म्हणाली.

मॅडम वाईट बाई नाहीत. आईच्या आजारपणात त्यांनी रजा न घेता हा मजला चालवला आहे. पण त्या क्षणी त्यांच्या अंगाला येणारा लिंबाचा वास मला पुवापेक्षा असह्य झाला.

डॉक्टरांनी पान वाचलं. बराच वेळ वाचलं, नऊच ओळी होत्या तरी. मग म्हणाले, "भ्रम म्हणून नोंद झाली आणि मी त्यावर सही केली. गेल्या गुरुवारी मी खिडकीशी बसलो. का बसलो ते मला माहीत आहे, यांनाही माहीत आहे." त्यांनी मावशीकडे बघितलं. "अर्ज रद्द. तुम्ही इथेच राहाल. आणखी काही हवंय का तुम्हाला?"

मावशीला बोलता येत नव्हतं. तिने कागद मागितला. कापडावर खडूने रेघ मारावी तसं सरळ लिहिलं आणि कागद टेबलावर सरकवला. मला शिकवायला दुसरी बाई द्या.

मॅडमनी कागद उचलला आणि पुटपुटल्या, "औषधाच्या गुंगीत आहे, उद्या विचारू."

"गुंगीत नाहीयेत त्या," मुंगी म्हणाली. तिने वही ओढली आणि तिथेच लिहिलं. पहिल्या रकान्यात : दुसरी शिक्षिका मागितली. कारणाच्या रकान्यात : मी नऊ दिवस पाहिलं नाही. तिसऱ्या रकान्यात : मागणी मान्य. डॉक्टरांनी खाली सही केली. अक्षर तेच होतं, मोत्यासारखं. मला ते पहिल्यांदाच बघवेना.

संध्याकाळी मुंगी माझ्याकडे आली. हात धुऊन आली, बसली, पुन्हा उठून धुऊन आली.

"बाई, मी वाईट आहे का हो?"

इतकी वर्षं मी मुलांना धीर देत आले, शब्द तोंडाशी तयार असतात. पण मी नाही म्हणाले नाही, आणि हो म्हणणंही खरं झालं नसतं. "तू न बघता लिहिलंस," मी म्हणाले. "आणि मी न बघता तुझ्या लिहिण्याला छान म्हटलं."

"मग आता?"

"आता उद्या कामावर जा."

ती गेली. आता तिच्याकडे मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या चार बायका आहेत. मावशीकडे शिक्षिका म्हणून नवीन आलेली एक मुलगी असते. जरा वेंधळी आहे, पण प्रश्न फार विचारते. त्यामुळे मावशी तिला खपवून घेते. मुंगी जाता-येता त्या खोलीच्या दारावरून जाते. थांबत नाही, आत डोकावत नाही. त्यांच्यात समेट वगैरे झालेला नाही, आणि होईल असं मी इथे लिहिणार नाही.

शनिवारी मी गेले तेव्हा मावशी पहिल्यांदा जेवत होती. बोटांनी कुस्करलेला भात, कोमट. कवळी शेजारी पेल्यातल्या पाण्यात. टाके ताजे होते, गाल अजून सुजलेला. प्रत्येक घासाला ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, रक्त आणि भात एकत्र होऊन हनुवटीवर यायचं. ती मनगटाने पुसायची आणि पुढचा घास घ्यायची. मी समोर बसले होते.

"बघवत नसेल तर तिकडे तोंड करा, बाई," ती म्हणाली.

खरंच बघवत नव्हतं. मी खुर्ची जराशी पुढे घेतली, एवढंच मला जमलं, आणि तिची वाटी रिकामी होईपर्यंत तोंडाने श्वास घेत बसून राहिले.