सापडली, भायेर ये

आमच्या आईनं आम्हा भावंडांना फार थोड्या गोष्टींना नाही म्हटलं. तांड्यावरच्या बाकीच्या बाया पोरांना विहिरीकडे फिरकू देत नसत. आई मात्र आमच्या पाठीला वाळका भोपळा बांधून स्वतः आम्हाला पाण्यात ढकलायची. चिंचेच्या शेंड्यावर चढा, गलोलीनं बोरं पाडा, होळीला दुसऱ्याच्या गवऱ्या पळवा, तिचं काही म्हणणं नसायचं. बंदी एकाच खेळाला होती. लपाछपी.

आणि ती बंदी साधीसुधी नव्हती. माझा धाकटा भाऊ तान्हा असताना मी त्याच्या तोंडावर ओढणी टाकून 'कुक' केलं, तेवढंही तिला खपलं नाही. "लेकराचं तोंड झाकू नको," एवढंच ती म्हणाली. काहून, असं विचारलं तर उठून भांडी घासायला बसली. (घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचो, मराठी शाळेत आणि गावात. इथं सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहिते आहे.)

चौथीत असताना एकदा, आई खुरपायला गेलेली पाहून, मी शाळेमागं पोरींच्या डावात शिरले. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागं लपले. बाकीच्या एकेक करून सापडत गेल्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मग ते हसणं थांबलं. मला वाटलं, आता राज्य असलेली पोरगी दबकत माझ्याकडं येत असणार. डोकं वर काढलं तर समोर आई.

तिनं मारलं नाही. खुरपं तसंच कमरेला खोचलेलं होतं. तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि माझ्या नावानं हाक मारली. मी तिच्या पुढ्यातच उभी होते, तरी तिनं दूरच्या माणसाला मारावी तशी हाक मारली. पुन्हा मारली.

"ओ दे."

"ओ," मी म्हणाले.

"तुझं नाव काय?"

मी सांगितलं.

"बापाचं?"

सांगितलं.

"आन मी कोण?"

"आई."

तरीही तिनं माझ्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तशी ती बघत राहिली. बाकीच्या पोरी केव्हाच पळाल्या होत्या. त्या दिवसानंतर मी तो खेळ खेळले नाही. मार बसला असता तर कदाचित पुन्हा खेळलेही असते.

पुढच्याच उन्हाळ्यात मामाचं लग्न निघालं. आई माहेरी क्वचित जायची. दिवाळीला मामाच येऊन भेटून जायचा. लग्नाला मात्र जावंच लागलं. तिच्या माहेरचा तांडा सेनगावच्याही पलीकडं, विदर्भाची हद्द जवळ लागते तिथं. तांड्यातली जवळजवळ सगळी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. त्यामुळं लग्नाच्या दिवसांत तांडा भरलेला होता. मांडव, लाऊडस्पीकर, जीपगाड्या.

पोचलो त्या दिवशी, दिवे लागायच्या सुमाराला, आई बायांबरोबर कणीक मळत होती. तेवढ्यात तांड्याच्या त्या टोकाकडून एका बाईचा आवाज आला. म्हातारा, चिरका, पण लांबवर पोचणारा.

"सापडली गं! भायेर ये!"

थोडा वेळ गेला की पुन्हा, थोडं अलीकडून, "सापडली गं! भायेर ये!"

कुणीच मान वळवली नाही. पोरं खेळत राहिली, बाया बोलत राहिल्या. आईचे हात मात्र कणकेत थांबले. आवाज घराघरांमागून फिरत गेला, मग बंद झाला. त्यानंतरच ती पुन्हा मळू लागली.

"कोण आहे ती?" मी मामाला विचारलं.

"म्हातारी हाय एक. रोजचंच हाय तिचं," तो म्हणाला. "तू तिकडं जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मांडवाखाली आडवे झाले होते. मला तहान लागली. मांडवातला रांजण रिकामा होता, म्हणून टाकीकडं निघाले. टाकीची वाट शेवटच्या घरावरून जात होती. दारात म्हातारी बसली होती, डोळ्यांवर पांढरी साय आलेली. मी चपला न वाजवता जात होते, तरी तिनं हात पुढं केला आणि माझं मनगट अचूक पकडलं.

तिनं मला एका नावानं हाक मारली. ते नाव माझं नव्हतं.

"मी ती न्हाई," मी म्हणाले. "मी पाहुणी आहे."

"किती येळ लपतीस गं," ती म्हणाली. रागानं नाही, खूप मायेनं. दुसऱ्या हातानं तिनं माझं कपाळ, नाक, हनुवटी चाचपली. "थंडगार पडली की. चल आत. दूध तापवलंय."

आत अंधार होता. दाराच्या वरची कडी मला दिसत होती, माझा हात पोचणार नाही एवढी उंच. मी ओढून बघितलं, पण तिच्या बोटांत फार जोर होता. ती मला आत घेऊ लागली, हळूहळू, बकरीचं पिल्लू न्यावं तशी.

"मी इकडं हाय, याडी."

याडी म्हणजे आमच्यात आई. आवाज एका लहान पोरीचा होता. मी वळून बघितलं, तर बोलणारी माझी आई होती.

म्हातारीनं मला लगेच सोडलं. आई पुढं आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हातारी तिच्या केसांतून बोटं फिरवू लागली, उवा बघतात तशी, आणि मघाचंच नाव घेऊन पुटपुटू लागली. त्या नावाला आई दर वेळी "हं" म्हणत होती.

"आई," मी म्हणाले. "चल ना."

ती हलली नाही.

"आई!"

तिचे डोळे उघडे होते, माझ्याकडं होते. पण टाकीवर आलेल्या दुसऱ्या कुणाच्या पोरीकडं बघावं तशी ती बघत होती. मी किती वेळ हाका मारल्या ठाऊक नाही. शेवटी मामा मारतो तशी तिच्या नावानंच हाक मारली, मोठ्यानं. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मी तिचं नाव घेतलं. तेव्हा ती दचकली, उठली, माझा हात धरून चालू लागली. मागं म्हातारी म्हणत होती, "लांब लपू नको गं."

परतीच्या एसटीत भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

ती सात-आठ वर्षांची होती. दिवाळी झाली होती, ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर आले होते. मोठी माणसं गोधड्या, भांडी, कोंबड्या ट्रॉल्यांत भरत होती आणि पोरांनी लपाछपी मांडली होती. आई कडब्याच्या गंजीत आत घुसून बसली. ऊब होती, डोळा लागला. ट्रॅक्टर निघाले तेव्हा आजी-आजोबांना वाटलं, पोरगी चुलत्याच्या ट्रॉलीत आहे. चुलत्याला वाटलं, आईबापापाशी आहे.

"जाग आली तं सगळं गप," आई म्हणाली. "मला वाटलं, आपुन जिंकलो. कोणालाच सापडलो न्हाई. मग हाक आली, सापडली गं, भायेर ये. म्हणून मी निघाले."

बाहेर ती बाई उभी होती. तेव्हा फार म्हातारीही नव्हती. तिची एकुलती एक लेक बऱ्याच वर्षांपूर्वी याच खेळात लपायला गेली आणि परत आली नाही. विहीर उपसून बघितली, माळ पालथा घातला, काही मिळालं नाही. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी घराघरांमागून हाक देत फिरायची. त्या संध्याकाळी तिच्या हाकेला पहिल्यांदाच एक पोरगी बाहेर आली.

तिला नवल वाटलं नाही. तिनं आईच्या केसांतला कडबा झटकला, घरी नेलं, वरची कडी लावली. पेटीतून लेकीसाठी शिवलेला, आरशांचा, न वापरलेला घागरा काढून नेसवला.

"बराबर बसला मला," आई म्हणाली.

मागं राहिलेली म्हातारीकोतारी आपापल्या घरात पडून होती. कुणाला पत्ता नव्हता. आई पहिल्यांदा रडली, आपलं नाव सांगत राहिली. त्यावर ती बाई विचारायची, "ती कोण?" खरंच ठाऊक नसल्यासारखं. दूधभाकर, तेलपाणी, मांडीवर झोप. केव्हातरी आईनं त्या दुसऱ्या नावाला ओ दिली.

रात्रभर चालून ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी जेवायला थांबले तेव्हा पोरगी नसल्याचं कळलं. आजोबा तिथूनच उलटे फिरले, मिळेल त्या गाडीनं, मधे पायी. यायला काही दिवस लागले. ते तांड्यात दारोदार आईच्या नावानं हाका मारत फिरत होते.

"मला ऐकू येत होतं," आई म्हणाली. "दाराच्या भायेर उभा होता बा. पण मला वाटलं, हा दुसऱ्याच कोणाला बोलवून राहिला. मी गप बसले."

आजोबांनी धडका देऊन दार उघडलं तेव्हा ती त्या बाईच्या पाठीमागं लपली. ओढून बाहेर काढावं लागलं.

मामाच्या लग्नानंतर दोन वर्षांनी म्हातारी वारली. निरोप आला तेव्हा आई लगेच निघाली, मला नेलं नाही. मामानं नंतर सांगितलं की रडायला तिचं असं कोणी नव्हतं, तर आई पोटच्या लेकीसारखी गळा काढून रडली, आणि रडताना म्हातारीला काय काय आठवणी सांगत होती. कुठल्या जत्रेच्या, कुठल्या बैलाच्या. त्या आईच्या असणं शक्यच नव्हतं. "तिला म्हातारीनंच कधी सांगितल्या असतील," मामा म्हणाला, आणि विषय बदलला.

मी आता हिंगोलीत राहते. आई माझ्याकडंच असते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, आणि आमच्या कॉलनीत संध्याकाळी पोरं लपाछपी खेळतात. मी तिला अडवत नाही. मनाई केली तर कारण सांगावं लागेल, आणि ते मला तिला सांगायचं नाही. खेळ सुरू झाला की आई देवासमोर जाऊन बसते आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगते.

मागच्या उन्हाळ्यात हळद निवडत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, "त्या घरात तुला फार भीती वाटली असेल ना?"

तिनं जरा आठवल्यासारखं केलं.

"तिथं न्हाई," ती म्हणाली. "तिथं लई लाड झाले माझे. भीती बा आला तवा वाटली. एक अनोळखी माणूस मला माझ्या आईपासून ओढून नेऊन राहिला, असं वाटलं."

मग तिनं सूप उचललं आणि हळकुंडं पाखडायला लागली.