फाटलेला चहा

रविवारी दुपारी माझे धाकटे दीर ओटीवर टीव्हीवर गाड्यांची शर्यत बघत होते आणि मी आत चहा टाकला होता. दूध ओतलं तसा चहा फाटला. दूध सकाळचंच ताजं होतं, म्हणून पातेलं घासून पुन्हा टाकला. पुन्हा फाटला.

"वहिनी, बघा तरी! पापणी लवेपर्यंत चारही चाकं बदलली!" भावजी बाहेरून ओरडले. "माणसानं मनात आणलं तर काय होत नाही? समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं आलीत, हवेतला धूर ओढून घेणारी आलीत. लोक उगाच घाबरतात."

मी कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. मचूळ लागलं. आमची विहीर किनाऱ्यापासून चांगली तीन वाड्या आत आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून तिची चव माझ्या जिभेवर आहे. ही ती चव नव्हती.

यंत्रं येतील, मी नाही कुठं म्हणते? पण ती कधीची येतायत, तीही टीव्हीवर, केवढा गाजावाजा करत. समुद्र मात्र जमिनीखालून, कुणाला चाहूल लागू न देता, माझ्या कळशीपर्यंत आलासुद्धा.

तिसऱ्यांदा चहा केला तो भावजींनी येताना आणलेल्या बाटलीतल्या पाण्याचा. कप ओटीवर नेऊन दिला.

"एवढा वेळ, वहिनी?"

विहिरीचं नाव घ्यायचा धीर झाला नाही. "दूध नासकं निघालं," मी म्हणाले.

"मग दूधवाला बदला की," टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले.