तारामावशींची फॅमिली डॉक्टर

मावशी मरणार आहेत, हे मावशींना मी सांगितलं.

त्यांच्या मुलाने हात जोडले होते, तरी.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. नावं बदलून लिहितेय.

लालबागच्या माझ्या दवाखान्यातल्या अगदी जुन्या पेशंट. परळच्या ऑफिसवाल्यांना डबे द्यायच्या. मुलांच्या कांजिण्या, टायफॉइड, सगळं माझ्याकडेच.

मग त्यांचं वजन उतरत गेलं. एक दिवस डोळे पिवळे दिसले. मीच मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. लिव्हरपर्यंत गेलेला.

थोरला महेश रिपोर्ट घेऊन आला. "आईला अल्सर सांगितलंय. तुम्ही पण तेच सांगा, डॉक्टर. प्लीज."

म्हटलं, "आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं, तर खोटं नाही बोलणार."

थोड्या दिवसांनी मावशी एकट्याच आल्या. आपल्या नेहमीच्या मालवणीत विचारलं,

"अल्सर झालो म्हणान माझो झील महेश जिन्यात जावन रडता काय गो?"

मी बीपीचा पट्टा उचलला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"तू खरा सांग."

सांगितलं.

बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "दुखतला?"

"दुखेल. पण औषध आहे. मी घरी येत जाईन."

"मग माका घरातच रवांदे. नाकातोंडात नळये नको."

संध्याकाळी महेशचा फोन. "तुम्ही आईची आशाच मारलीत." कट.

दुसऱ्या दिवशी मी इंजेक्शन घेऊन गेले. त्याने दारातूनच परत पाठवलं.

आतून मावशींचा आवाज आला. "कोण इला रे?"

महेशने दार लावून घेतलं.

पुढे एका दुपारी श्वास लागला म्हणून त्यांना हॉस्पिटलात नेलं. शेजारणीने कळवलं. दवाखाना तसाच टाकून धावले. मावशी व्हेंटिलेटरवर.

आयसीयूतल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"फॅमिली डॉक्टर. त्यांना हे नको होतं. मला स्वतः सांगितलंय त्यांनी."

"मुलांनी कन्सेंट दिलाय, मॅडम. तुम्ही रिलेटिव्ह आहात का?"

नव्हते.

त्याचं काही चुकलं नव्हतं. काचेतून मावशींचा एक हात तेवढा दिसला. नळ्या ओढू नयेत म्हणून कॉटला बांधलेला.

तिथेच गेल्या.

काल महेश दवाखान्यात आला. वर्षात पहिल्यांदा. नंबर लावून, मान खाली घालून बसला होता.

"डोकं दुखतं, डॉक्टर. झोप नाही."

बीपी भयंकर वाढलेलं. गोळ्या लिहून दिल्या. "एकही चुकवू नकोस. पंधरा दिवसांनी ये."

"येतो."

आईचं नाव त्याने काढलं नाही. मीही नाही.

मावशी, महेशच्या तब्येतीकडे मी बघतेय.

तुम्हाला शेवटचा नमस्कार करायचा राहिला होता. तो आज इथे करते.